वाचकांचे प्रश्न : भाओना, मुखवटे आणि फिरता तंबू

आसामातल्या माजुली या ब्रह्मपुत्रेतल्या बेटावर होणाऱ्या रासोत्सवावरचा माझा लेख दिवाळी अंकात आला, त्यानंतर बरीच पत्रं आली. एकाच अर्थाची पत्रं एकत्र करून त्यांतली काही इथे घेतली आहेत. नावं छापू नयेत असं काहींनी कळवलं, म्हणून सगळ्यांचीच फक्त गावं दिली आहेत. मी जोरहाटला शाळेत शिकवत होते आणि तिथेच असमिया शिकले, हे नव्या वाचकांसाठी सांगते.

प्रश्न (सांगली) : ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन साजरा करतो, कारण १८४३ साली आमच्या गावात विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. तुम्ही लिहिता की आसामात सोळाव्या शतकातली नाटकं आजही होतात. ती खरोखर नाटकं म्हणायची, की कीर्तनाचाच एक प्रकार?

उत्तर : नाटकंच. संहिता हातात घेतली की शंका उरत नाही. आसामातले वैष्णव संत श्रीमंत शंकरदेव (१४४९–१५६८) यांची सहा नाटकं आज उपलब्ध आहेत : 'पत्नीप्रसाद', 'कालियदमन', 'केलिगोपाल', 'रुक्मिणीहरण', 'पारिजातहरण' आणि 'रामविजय'. 'रामविजय' १५६८चं, म्हणजे ते गेले त्याच वर्षीचं. कोच राजा नरनारायणाचा भाऊ आणि सेनापती चिलाराय याच्या आग्रहावरून ते लिहिलं. या सगळ्यांच्या आधी 'चिह्नयात्रा' झाली होती. तिच्यासाठी शंकरदेवांनी सात वैकुंठांची चित्रं रंगवली असं त्यांच्या चरित्रांत येतं, पण ती संहिता हरवली. शिष्य माधवदेवांनी बाळकृष्णाच्या खोड्यांवर छोटी नाटकं लिहिली, त्यांतलं 'चोरधरा' तिथल्या पोराटोरांनाही माहीत असतं. या नाटकांना अंकिया नाट म्हणतात आणि त्यांच्या प्रयोगाला भाओना.

भाव्यांच्या नाटकाशी तुलना करण्याचा मोह मलाही होतो, आणि एका बाबतीत ती अगदी चपखल बसते. भाव्यांचा सूत्रधार पदं म्हणत खेळ संपेपर्यंत रंगभूमीवर असायचा. अंकिया नाटाचा सूत्रधारही तसाच. संस्कृत नाटकातला सूत्रधार नांदी-प्रस्तावना उरकून आत जातो. हा जात नाही. तो श्लोक म्हणतो, नाचतो, आता कोण येणार ते सांगतो, आलेल्याच्या मनात काय चाललंय तेही सांगतो. पण भाव्यांची पात्रं आपापली भाषणं आयत्या वेळी करत. शंकरदेवांनी पात्रांचं बोलणं लिहून ठेवलं, आणि तेही गद्यात. मैथिली आणि असमिया यांच्या मेळातून झालेल्या ब्रजावलीतलं ते गद्य आहे. सोळाव्या शतकात देशभाषेच्या वळणाचं गद्य, तेही रंगमंचावर बोलण्यासाठी लिहिलेलं! आपल्याकडे लीळाचरित्रापासून गद्याची परंपरा आहे, म्हणून कदाचित आपल्याला या गोष्टीचं तितकं नवल वाटत नाही. वाटायला हवं.

आता कीर्तनाचं. तुमची शंका अगदीच गैरलागू नाही, कारण भाओना होते ती नामघरात. नामघर म्हणजे गावाचं प्रार्थनाघर. लांबट, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, पूर्वेच्या टोकाला मणिकूट. तिथे मूर्ती नसते, ग्रंथ असतो. जोरहाटजवळच्या एका गावात 'रामविजय' पाहिलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. दुपारीच छो-घरात, म्हणजे रंगपटात, तोंडं रंगवणं सुरू झालं होतं. परशुराम करणारा माणूस गावात किराणा दुकान चालवायचा. सीता नववीतला मुलगा होता आणि त्याची आई दारात उभी राहून त्याच्या मेखेला-चादरीच्या निऱ्या पुन्हा पुन्हा बघत होती. राम करणाऱ्या पोराने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. राम-कृष्णाची भूमिका उपास करूनच करायची, ही रीत.

रात्री मणिकुटाच्या समोरच्या टोकाला बांबूची कमान उभी राहिली, तिच्यावर पणत्या. ते अग्निगड. दोघांनी पांढरा पडदा धरला, तो आर-कापोर, आणि पडद्याआडून खोल, म्हणजे तिकडचा मृदंग, वाजू लागला. पडदा बाजूला झाला तसे पांढऱ्या झग्यातले, पांढऱ्या पगड्यांतले गायन-बायन वाकून बाहेर आले. बायन म्हणजे खोल वाजवणारे, गायन म्हणजे झांजा घेऊन गाणारे. त्यांच्या या पूर्वरंगाला धेमाली म्हणतात आणि ती चांगली लांब चालते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, नाटक कधी सुरू होणार? पण पखवाज ऐकलेल्या कानाला तिथून उठवत नाही. खोल आधी संथ, एकेक बोल सुटा, मग वादक खाली बसून, उठून, गिरकी घेत वाजवतात, हात थांबत नाही. त्यानंतर सूत्रधार येतो. खेळ सुरू असताना एकदा त्याला स्वर्गीय वाद्यं ऐकू येतात, तो सोबत्याला विचारतो, आणि कळतं की देव येताहेत. राम अग्निगडातून आत आला तेव्हा माझ्या शेजारच्या आजीबाईंनी जमिनीला डोकं टेकवलं. आणि त्याच आजीबाई नंतर सीतेच्या स्वयंवराला आलेल्या राजांच्या फजितीवर खळखळून हसत होत्या.

तेव्हा नाटक की कीर्तन, असे दोन कप्पे तिथे नाहीत. पण ज्याला आपण रंगभूमी म्हणतो त्यातलं काहीही तिथे कमी नाही, आणि शिवाय एक गोष्ट जास्त आहे : तो प्रयोग गावाचा असतो. कुणी कोणती भूमिका करायची, तांदूळ कुणाकडून, पणत्यांचं तेल कुणाकडून, हे नामघराच्या बैठकीत ठरतं. हे लक्षात ठेवा, कारण खाली नारायणगावच्या प्रश्नाला उत्तर देताना मला यावर परत यायचं आहे.

प्रश्न (अमरावती) : आमच्या जिल्ह्यात कौंडिण्यपूर आहे, रुक्मिणीचं माहेर. शंकरदेवांच्या नाटकात कुंडिलनगर आसामाच्या टोकाला दाखवलंय असं ऐकलं. हे कसं?

उत्तर : नाटकात नव्हे, लोकमानसात. शंकरदेव भागवताला धरूनच चालतात; त्यांचा भीष्मक विदर्भाचाच राजा आहे. पण सदिया भागात आणि आता अरुणाचल प्रदेशात असलेल्या रोइंगजवळ भीष्मकनगर नावाचे एका विटांच्या किल्ल्याचे अवशेष आहेत. अभ्यासक ते सुतीया राजवटीच्या काळातले मानतात. लोक मात्र तिथेच भीष्मकाचा वाडा होता असं सांगतात, आणि इदू मिश्मी जमातीत रुक्मिणी ही आपली लेक अशी श्रद्धा आहे. त्यांच्या केस कापण्याच्या रीतीचा संबंधही रुक्मिणीहरणाशी जोडतात : भागवतात कृष्ण रुक्मीचे केस कापून त्याला सोडून देतो, त्याची ती खूण. पुराणातला विदर्भ तो आपलाच, याबद्दल माझ्या मनात संदेह नाही. पण रोइंगला एखाद्या मिश्मी बाईने 'तुम्ही आमच्या मुलीच्या सासरचे का?' असं आपुलकीने विचारलं, तर तिच्याशी भूगोलावर वाद घालू नका.

मला याहून मोलाचं वाटतं ते वेगळंच. शंकरदेव १५६८ साली गेले. १५७१ साली काशीत आपल्या एकनाथांनी 'रुक्मिणीस्वयंवर' पूर्ण केलं. देशाच्या दोन टोकांना, एकमेकांची खबरबात नसताना, दोन संत भागवताच्या दशमस्कंधातला तोच प्रसंग आपापल्या भाषेत आणत होते. ते शेजारी शेजारी ठेवून वाचा. भागवतात रुक्मिणीचा निरोप नेणाऱ्या ब्राह्मणाला नाव नाही. नाथांनी त्याला सुदेव केलं, शंकरदेवांनी वेदनिधी. नाथांचा ओढा जीवशिवाच्या ऐक्याकडे. लग्नाच्या प्रत्येक विधीखाली ते अध्यात्म उलगडत जातात, आणि म्हणून आपल्याकडे लग्न जमावं म्हणून त्या ग्रंथाचं पारायण होतं. शंकरदेवांना मात्र समोर बसलेला गाव दिसतो आहे. त्यांचा वेदनिधी कृष्णाच्या रथात बसतो आणि रथाच्या वेगाने त्याची शुद्धच हरपते. या जागी लहान मुलं हमखास उभी राहून पाहतात. मग लगेच रुक्मिणीचं वाट पाहणं येतं, तिचं रडणं येतं, आणि तीच मुलं गप्प होतात. हसू आणि कळवळा इतके लागून ठेवणं हे नाटककाराचं काम आहे.

आणखी एक गोष्ट तुमच्या जिल्ह्याला भावेल. शंकरदेवांच्या पंथात राधा नाही. बंगाल आणि ब्रज दोन्हीकडे राधाकृष्णाची युगुलभक्ती फुलली असताना त्यांनी एका कृष्णालाच शरण जायला सांगितलं, आणि नाटकात आणली ती रुक्मिणी आणि सत्यभामा. आपल्या पंढरपुरातही राधेला फारशी जागा नाही. आषाढीला कौंडिण्यपुराहून पालखी निघते ती रुक्मिणीची.

प्रश्न (रत्नागिरी) : मी शाळेत चित्रकला शिकवतो. आमच्याकडे दशावतारात संकासुर आणि गणपती सोडले तर मुखवटे मोजकेच. माजुलीचे मुखवटे कशाचे असतात? मुलांकडून करून घेता येतील का?

उत्तर : जरूर घ्या. तुमच्या कोकणात लागणारं सगळं साहित्य आहे.

माजुलीत चामगुरी सत्र या कामासाठी प्रसिद्ध आहे. सत्र म्हणजे शंकरदेवांच्या पंथाचा मठ. तिथले हेमचंद्र गोस्वामी यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, आणि २०२४ मध्ये माजुलीच्या मुखवट्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. मुखवट्याला तिकडे मुखा म्हणतात. आधी बांबू काही दिवस पाण्यात भिजत घालतात, म्हणजे त्याला कीड लागत नाही. मग त्याच्या पातळ कामट्या काढून षटकोनी विणीचा सांगाडा करतात. आपण टोपली विणतो तशी ही वीण, फक्त आकार डोक्याचा. कुंभाराची चिकणमाती पातळ कालवून तिच्यात सुती फडकं बुडवायचं आणि सांगाड्यावर लिंपायचं. ते वाळलं की माती आणि शेण यांच्या मिश्रणाने नाक, भुवया, गाल, ओठ उठवायचे. हे काम ओलं असतानाच करायचं असतं. पुरतं वाळायच्या आत बांबूच्या चपट्या पट्टीने घासून पृष्ठभाग गुळगुळीत करतात. या पट्टीला करधनी म्हणतात. त्यावर पुन्हा कापड, पुन्हा ऊन, आणि शेवटी रंग. पूर्वी लाल हिंगुळापासून आणि पिवळा हरताळापासून होई. हे दोन्ही विषारी आहेत, मुलांच्या हाती अजिबात देऊ नका. साधे पोस्टर रंग वापरा.

प्रकार तीन. नुसता चेहरा झाकणारा मुखमुखा. जबडा हलणारा लोटोकाई मुखा. आणि धडासकट अंगावर चढवायचा बोरमुखा. कालिया नाग, बकासुर, रावणाची दहा डोकी अशांसाठी तिसरा प्रकार. मुलांनी पहिल्यापासूनच सुरुवात करावी. आणि एक काळजी घ्या : मुखवटा तयार झाला की तो भिंतीवर टांगू देऊ नका. एखादा छोटासा प्रसंग करून घ्या, दोन संवाद का होईनात. मी चामगुरीला गेले तेव्हा तिथल्या कारागिराने पूतनेचा मुखवटा हातात घेऊन दाखवला, तो ठीक वाटला. मग त्याने तो चढवला, मान जराशी तिरकी केली आणि दोन पावलं पुढे आला. मी मागे सरकले. वजन, श्वासाला जागा, डोळ्यांच्या भोकांची उंची, हे सगळं नाचणाऱ्यासाठी ठरवलेलं असतं. अंगावर चढल्याशिवाय मुलांना ते कळणार नाही.

प्रश्न (पुणे) : तुमच्या लेखात सत्रांचं वर्णन फार गोड होतं. स्त्रियांना तिथे कोणती जागा आहे, यावर तुम्ही एक ओळही लिहिली नाही.

उत्तर : लेख रासोत्सवापुरता होता, पण प्रश्न योग्य आहे आणि टाळण्यासारखा नाही.

सत्रं दोन तऱ्हेची. कमलाबारी, आउनीआटी अशा उदासीन सत्रांत ब्रह्मचारी भकत राहतात. लहानपणी येतात, तिथेच वाढतात, नृत्य-वाद्य-लेखन शिकतात. दुसरी सत्रं गृहस्थांची. बरपेटा सत्राच्या कीर्तनघरात स्त्रियांना प्रवेश नाही, आणि यावर आसामातल्या स्त्रियांनीच जोराने प्रश्न उभे केले आहेत. २०१० साली पाटबाउसी सत्रात राज्यपाल जानकीवल्लभ पटनाईक काही स्त्रियांना बरोबर घेऊन आत गेले, ती बातमी तेव्हा गाजली होती. ज्या पंथाने जातीपातीच्या भिंती ओलांडून नाम दिलं, त्याने या उंबऱ्याशी अडून राहावं याचं मला दुःख होतं. इतिहासात उदाहरण आहे ते उलट : शंकरदेवांच्या नातवाची पत्नी कनकलता आई हिने पतीमागे पंथाची धुरा वाहिली आणि सत्राधिकार, म्हणजे सत्रांचे प्रमुख, नेमले.

सत्रीया नृत्याचंही असंच. ते भकतांनी जपलं. १९५८च्या दिल्लीतल्या नृत्य-परिसंवादात महेश्वर नेओग यांनी त्याची बाजू मांडली, मणिराम दत्त मुक्तियार यांच्यासारख्या थोर बायनांनी ते सत्राबाहेर शिकवलं, आणि २००० साली संगीत नाटक अकादमीने त्याला शास्त्रीय नृत्य म्हणून मान्यता दिली. आज बाहेरच्या रंगमंचावर ते प्रामुख्याने स्त्रिया करतात. गावोगावच्या भाओनांतही आता मुली सीता-रुक्मिणी करू लागल्या आहेत.

सत्राच्या आतलं दुखणं वाचायचं असेल तर इंदिरा गोस्वामींची 'दँताल हातीर उँये खोवा हाओदा' ही कादंबरी वाचा. दक्षिण कामरूपातल्या सत्राधिकाराच्या घरातल्या विधवा, अफूने पोखरलेली माणसं, जमिनीचे तंटे. लेखिका स्वतः अशाच घराण्यातली, म्हणून तिच्या शब्दाला धार आहे आणि मायाही.

प्रश्न (नाशिक) : आधुनिक असमिया नाटक कुठून सुरू होतं? एखादाच नाटककार वाचायचा तर कोण?

उत्तर : १८५७ साली गुणाभिराम बरुआंनी 'रामनवमी' लिहिलं, विषय विधवाविवाह. १८६१ साली हेमचंद्र बरुआंचं 'कानीयार कीर्तन' आलं, विषय अफूचं व्यसन. लक्ष्मीनाथ बेजबरुआंनी १९१५ मध्ये आसामावर राज्य केलेल्या आहोम राजांच्या इतिहासावर तीन नाटकं दिली. पण एकच नाव सांगायचं तर मी अडखळत नाही : ज्योतिप्रसाद आगरवाला (१९०३–१९५१).

त्यांचे पूर्वज राजस्थानातून व्यापारासाठी आसामात आले आणि तिथलेच झाले. काका चंद्रकुमार आगरवाला असमियातले मोठे कवी. ज्योतिप्रसादांनी चौदाव्या वर्षी 'शोणितकुँवरी' लिहिलं. उषा-अनिरुद्धाची कथा, त्यांचं तेजपूर हेच बाणासुराचं शोणितपूर मानतात. तिथल्या नाट्यगृहाचं नावही बाण थिएटर, १९०६ सालचं. त्या वेळी असमिया नाटकांत बंगाली आणि हिंदी चाली सर्रास चालत. या मुलाने बिहूच्या, लग्नगीतांच्या, गावातल्या बायकांच्या चाली उचलून नाटकात घातल्या. किर्लोस्करांनी साकी-दिंडी-लावणीला नाटकात मान दिला त्या जातीची ही गोष्ट आहे. पुढे एडिनबर्गला शिक्षण, बर्लिनच्या स्टुडिओत चित्रपटाचं तंत्र, परत येऊन स्वातंत्र्यचळवळ, तुरुंग. 'कारेंगर लिगिरी' वाचा. राजपुत्र, राजमाता आणि राजवाड्यातली दासी शेवाली. लग्न लादण्यातून किती आयुष्यं चिरडली जातात ते त्यात आहे. 'लभिता'मध्ये १९४२चा आसाम आहे, एका बाजूला चळवळ, दुसऱ्या बाजूला दाराशी आलेलं युद्ध, आणि मधे एक खेड्यातली मुलगी.

१९३५ साली त्यांनी 'जयमती' हा पहिला असमिया चित्रपट काढला, बेजबरुआंच्या नाटकावरून. भोलागुरी चहाच्या मळ्यात त्यांनी स्टुडिओ उभारला. नवऱ्याचा ठावठिकाणा न सांगता छळ सोसून मेलेली आहोम राजस्नुषा जयमती, तिची भूमिका खेड्यातल्या आयदेउ संदिकैने केली. कॅमेऱ्यासमोर परपुरुषाला पती म्हणून हाक मारली एवढ्यासाठी गावाने तिला वाळीत टाकलं, आणि तिचं लग्न कधीच झालं नाही. ज्योतिप्रसादांची नाटकं वाचताना ही बाई माझ्या मनातून जात नाही. त्यांच्या स्मृतिदिनी, १७ जानेवारीला, आसामात शिल्पी दिवस पाळतात. त्या दिवशी आयदेउचं नावही तितक्याच मोठ्याने घ्यायला हवं.

प्रश्न (नारायणगाव) : आमच्या घरात दोन पिढ्यांपासून तमाशाचा फड आहे. पाडव्याच्या सुमारास राहुट्या लागतात, गावकारभारी येतात, सुपाऱ्या ठरतात. पण दर वर्षी कमीच. आसामात तंबूतलं नाटक जोरात चालतं म्हणे. तिथे असं काय आहे?

उत्तर : तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. जेवढं ठाऊक आहे तेवढं मोकळेपणाने सांगते.

तिथे त्याला भ्राम्यमाण थिएटर म्हणतात. १९६३ साली पाठशाला या छोट्या गावात अच्युत लहकर यांनी नटराज थिएटर काढलं. त्याआधी यात्रा-पार्ट्या, म्हणजे गावोगाव नाटकं करणाऱ्या मंडळ्या, फिरत होत्या, जसे आपल्याकडे फड. लहकरांनी नाटक, रंगमंच, खुर्च्या, तंबू, जनरेटर, स्वयंपाकघर, सगळा संसारच ट्रकवर चढवला. १९७६ साली रतन लहकरांचं कोहिनूर थिएटर आलं, मग आणखी कितीतरी. जून-जुलैत तालमी, ऑगस्टच्या सुमारास पहिला खेळ, एप्रिलच्या बिहूपर्यंत मुक्काम-दर-मुक्काम. एका जागी साधारण तीन रात्री, रोज वेगळं नाटक.

तंत्राची करामत पाहण्यासारखी आहे. रंगमंच एकाला लागून एक असे दोन. एकावर प्रवेश चालू असतो तेव्हा दुसऱ्यावर अंधारात पुढचा लागतो. त्यामुळे मधे खोळंबा नाही. कोहिनूरने तंबूत 'टायटॅनिक' बुडवून दाखवलं, ते पाहायला लोक मैलोन्‌मैल आले. या भपक्याला शहरातले नाट्यवाले नाकं मुरडतात. मला ते पटत नाही. भवेंद्रनाथ शइकीयांसारखा पहिल्या प्रतीचा कथाकार आणि चित्रपट-दिग्दर्शक भ्राम्यमाणसाठी नाटकं लिहीत होता, आणि ती नाटकं शेतात बसलेल्या हजारो माणसांनी शांतपणे ऐकली.

पण तुमच्या कामाची गोष्ट ही नव्हे. खेळ गावात आणते ती गावातलीच एक समिती. ती आगाऊ रक्कम देते, मैदान बघते, तिकिटं विकते. नफा उरला तर तो शाळेच्या छपराला, नामघराच्या दुरुस्तीला, मंडळाच्या ग्रंथालयाला जातो. म्हणून तिकीट घेणाऱ्याला आपण नुसते बघे आहोत असं वाटत नाही. गावकामाला हातभार लावतोय असं वाटतं. म्हणून पहिल्या रांगांत सुना-लेकी-आज्या बसतात. वर सांगलीकरांना लिहिलं ते इथे परत येतं : ज्या गावाला शतकानुशतकं नामघरात आपलं नाटक आपण उभं करायची सवय आहे, त्याला तंबू परका वाटत नाही.

दुसरं, दर मोसमाला नवी नाटकं. गेल्या वर्षीचं चाललं म्हणून यंदाही तेच, असं तिथे नाही. मोसमाच्या आधीच नाटककार ठरतात, आणि नटनट्यांचे वर्षभराचे करार होतात. सिनेमातले नटही सिनेमा बाजूला ठेवून येतात, कारण पैसा नियमित आणि चांगला. संकटं त्यांनाही आहेत. पूर येतो, मोसम वाया जातो. करोनात तंबू बंदच राहिले, कारागिरांचे हाल झाले.

तुमच्या फडाने हे सगळं उचलावं असं मी म्हणणार नाही; लावणी-वगाची चाल वेगळी, सरकारी परवानग्यांचं जंजाळ वेगळं, आणि तमाशातल्या बाईकडे पाहण्याची आपल्या समाजाची नजर हा तर सगळ्यात मोठा अडथळा. पण एखाद्या गावच्या पंचांशी शाळेसाठी खेळ, हिशोब फळ्यावर, बायकांसाठी पुढच्या रांगा राखीव, अशी बोलणी एकदा करून बघा. आणि वगाला नवा लेखक शोधा. तुमच्याच तालुक्यातल्या कॉलेजात कुणीतरी तरुण लिहीत असेल.

प्रश्न (ठाणे) : प्रत्यक्ष पाहायला कधी जावं? आणि तिथे काय पाळावं?

उत्तर : माजुलीचा रास कार्तिकी पौर्णिमेला. जोरहाटहून निमाती घाटावर जायचं, तिथून फेरीने ब्रह्मपुत्र ओलांडायचा. शेवटच्या फेऱ्या लवकर सुटतात, तेव्हा दुपारपर्यंत घाटावर पोचा आणि राहण्याची सोय आधी करा; त्या दिवसांत खोली मिळत नाही. गर्दी नको असेल तर रासानंतर थंडीत जा. काही वर्षांच्या अंतराने तेजपूरजवळच्या जामुगुरीहाटला बारेशहरीया भाओना होते : एका मोठ्या मंडपात कमळाच्या पाकळ्यांसारखे रंगमंच, प्रत्येकावर एकेका गावाचं नाटक, सगळं एकाच वेळी. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ती चालत आली आहे. योग आला तर सोडू नका. ग्वालपाडा जिल्ह्यातल्या रामपूरला बादुंदुप्पा कलाकेंद्र आहे. शुक्राचार्य राभा यांनी तिथे सालवनात, माइक आणि विजेच्या दिव्यांशिवाय नाट्यमहोत्सव सुरू केला. ते २०१८ साली अकाली गेले. महोत्सव डिसेंबरच्या सुमारास असतो. जाण्यापूर्वी चौकशी करा.

नामघरात चपला बाहेर, डोकं शक्यतो झाकलेलं, बसायचं जमिनीवर. पाठ मणिकुटाकडे होऊ देऊ नका. गायन-बायन आणि पात्रं मधल्या मोकळ्या पट्ट्यातून ये-जा करतात, तो अडवायचा नाही. फोटोसाठी तर मुळीच नाही. खेळानंतर केळीच्या पानावर माह-प्रसाद देतात : भिजवलेले हरभरे आणि मूग, आल्याचे तुकडे, खोबरं. दोन्ही हातांनी घ्या. कुणी तामुल-पान पुढे केलं तर नाही म्हणू नका, पण ओली सुपारी पहिल्यांदा खाताना अगदी छोटा तुकडाच घ्या; ती चढते.